कंदीलवालीचा शेवट

दहिवली, कर्जत
११ नोव्हेंबर २०२४

चि. ईशानी,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं वाटेल तुला. रसायनी काही लंडन नव्हे, तासाभराचा रस्ता. पण तुझ्या आजीचे डोळे काचबिंदूनं गेले तेव्हा तूच आमचा मोबाइल बोलका करून दिलास. तो आता आलेला प्रत्येक निरोप मोठ्यानं वाचतो. मी ठार बहिरा, तो कधी काय बोलला मला पत्ता नाही. म्हणजे आजीनं ऐकायचं नाही असं काही मोबाइलवर लिहायची सोय उरली नाही. कागद तेवढा मुका आहे, म्हणून हे पत्र. तूही पत्रच पाठव. वर माझं नाव घाल.

परवा पनवेलला डॉक्टरांनी रिपोर्ट दिला. स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, यकृतापर्यंत गेलाय. मला ऐकू येत नाही म्हणून त्यांनी कागदावर लिहिलं की काही केलं नाही तर दोन-तीन महिने, इंजेक्शनं दिली तर कदाचित पाच-सहा, पण त्रास होईल, तुम्ही ठरवा. पद्मजा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली होती. तिला दिसलं नाही आणि मला बोलावं लागलं नाही. असली सोय देव वैऱ्याचीही न करो.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं (तिचे ओठ मला वाचता येतात), "एवढं काय लिहीत होते?" मी तिथंच बाकावर बसून रिपोर्ट वाचून दाखवला. रक्त कमी आहे, यकृताला सूज आहे, दर तीन आठवड्यांनी ताकदीचं इंजेक्शन घ्यायचं. गेली सहा वर्षं मी तिला पेपर वाचून दाखवतो, विजेचं बिल वाचून दाखवतो, लग्नपत्रिका वाचून दाखवतो. तिनं मान हलवली आणि समिधाला म्हणाली, "चल गं, भूक लागलीय." समिधा म्हणजे कडावची मुलगी, दिवसा हिच्यासाठी ठेवली आहे. दहावी झालीय, चुणचुणीत आहे, तोंडानं मात्र तिखट.

आम्हाला मूलबाळ नाही. माझ्या धाकट्या भावाची नात तू, परीक्षेला वर्षभर आमच्याकडे राहिलीस, तेवढंच आमचं गणगोत. म्हणून तुला सांगितलं. हिला कळता कामा नये.

आता दुसरं. तू नोकरीला गेलीस आणि ती जपानी कार्टूनची मालिका माझ्या गळ्यात मारून गेलीस. तुला राग येतो, कार्टून नाही, ॲनिमे म्हणायचं. बरं, ॲनिमे. आजी तिला कंदीलवाली म्हणते. रोज चार वाजता चहा झाला की मी टीव्हीवरच्या इंग्रजी ओळी वाचून मराठीत सांगतो आणि ही जपानी आवाज ऐकत बसते. चोवीसपैकी वीस भाग झाले. मियो अजून कंदील घेऊन डोंगरोडोंगरी धुक्यात हरवलेल्या भावाला, रेनला, शोधतेच आहे, आणि ते मेलं धुकं काही हटत नाही. पद्मजा रोज विचारते, "तिला रेन सापडेल ना हो?"

तू पाहिली आहेस पुरी. शेवट काय आहे ते कळव. वाईट असेल तर टीव्ही बिघडवतो.

तुझा,
दत्तूआजोबा


मोहोपाडा, रसायनी
१७ नोव्हेंबर २०२४

ती. दत्तूआजोबांस,
सा. न.

तुमचं पत्र लॅबच्या पत्त्यावर आलं. मी ते बाथरूममध्ये जाऊन वाचलं आणि तिथेच रडले. पुढचं कसं लिहायचं कळत नाही, म्हणून आधी सोपं लिहिते.

कंदीलवालीचा शेवट वाईट नाही. चांगलाही नाही. चोविसाव्या भागात मियो दरीच्या तळाशी पोचते आणि तिचा कंदील विझतो. ती "दादा, दादा" अशा हाका मारते. पडदा पांढरा होतो आणि मालिका संपते. रेन सापडला का, ती परत आली का, काहीच दाखवत नाहीत.

यावरून नेटवर लोक दोन वर्षं भांडतायत. काही म्हणतात, ही फसवणूक आहे, चोवीस भाग बघायला लावून शेवट द्यायचा नाही म्हणजे काय. काही म्हणतात, तो मेला एवढं तरी स्पष्ट सांगा. गोड शेवट हवा म्हणणारेही आहेत, त्यांनी आपापली चित्रं काढून रेनला घरी आणलंय. मला विचाराल तर आहे तो शेवट बरोबर आहे. माणूस धुक्यात गेला की मागच्यांना काहीच कळत नाही. मग बघणाऱ्याला तरी का कळावं? गोड शेवट चिकटवला असता तर मी आठवड्यात विसरले असते.

आता अवघड. आजोबा, आजीला सांगा. शरीर तिचं आहे. त्रास होईल असं डॉक्टरांनी लिहून दिलंय, मग तो सोसायचा की नाही हे तिनं ठरवायला नको का? तुम्हाला बोलवत नसेल तर मी रविवारी येते आणि मी सांगते.

तुमची,
ईशानी


दहिवली, कर्जत
१ डिसेंबर २०२४

चि. ईशानी,
अनेक आशीर्वाद.

येऊ नकोस. आलीस तर आजीला भेटायला ये, सांगायला नको.

तुझा तो शेवट मी पाहिला. एकतीस वर्षं गणित शिकवलं, फळ्यावर उदाहरण अर्धं टाकून मी कधी वर्गाबाहेर पडलो नाही. या जपान्यांना कुणी जाब विचारत नाही का? आणि तू म्हणतेस, तेच बरोबर. तुम्हा पोरांना सगळं अर्धवट आवडतं, कारण तुमच्यापुढे उरलेलं अर्धं आहे.

माझे आजोबा कीर्तन करायचे. हरिश्चंद्राचं आख्यान लावलं की स्मशानापाशी बायका हुंदके द्यायला लागायच्या. पण रात्र कितीही होवो, राज्य परत मिळाल्याशिवाय त्यांनी कधी आरती घेतली नाही. म्हणायचे, दुःखात बसलेल्या माणसाला तसंच घरी पाठवलं तर पाप कीर्तनकाराला लागतं. संस्कृत नाटकातसुद्धा शेवटी सगळं गोड होतं. आपल्याकडच्या शहाण्या माणसांनी हजार वर्षांपूर्वी ठरवून टाकलेली गोष्ट आहे ही, तू आणि तुझं नेट नव्यानं काय भांडताय?

तर मी शेवट गोड केला. तुझं पत्र येईपर्यंत टीव्ही बिघडलाय असं सांगून थांबलो होतो, गेल्या शुक्रवारी चोविसावा भाग लावला. कंदील विझला तिथवर खरं सांगितलं. पुढे म्हणालो, धुक्यातून रेनचा आवाज आला, "मियो, आलीस का गं? मी किती वाट बघितली." मग दोघांची पाचेक वाक्यं घातली. तिनं विचारलं, इतके दिवस काय खाल्लंस. तो म्हणाला, करवंदं. जपानात करवंदं असतात की नाही देव जाणे, मला दुसरं काही सुचलं नाही. मग दोघं घरी आले, आईनं भात वाढला. पडदा तेवढा वेळ पांढराच होता, माझं बोलणं बरोबर मापात बसलं. पद्मजानं पदर तोंडाला लावला, मला वाटलं रडतेय. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "छान झाला हो शेवट." मला काय वाटलं म्हणून सांगू. एवढ्या वर्षांच्या संसारात कधी एवढी शाबासकी मिळाली नाही.

पहिलं इंजेक्शन पंचवीस तारखेला झालं. या औषधानं केस गळत नाहीत म्हणतात, तेवढं बरं. चार दिवस पोटात पाणी ठरलं नाही. मी सांगितलं, ताकदीचं औषध सुरुवातीला जड जातं. तिनं ऐकलं. माझं ती ऐकते.

तुझा,
दत्तूआजोबा


दहिवली, कर्जत
९ डिसेंबर २०२४

चि. ईशानी,
आशीर्वाद.

मी सांगतेय आणि समिधा लिहितेय. हे बँकेत गेलेत, राहून गेलेला हयातीचा दाखला द्यायला. तासभर तरी येणार नाहीत. तुला फोनच केला असता, पण हे घरात असले की समोर बसून माझे ओठ वाचतात, आणि ते बाहेर जातात तेव्हा तू लॅबमध्ये असतेस, तुला फोन घेता येत नाही. परीक्षेला कॉपी करणाऱ्या पोरांचे ओठ वाचण्यात उभा जन्म गेला त्यांचा.

तुझी पत्रं येतात ते मला माहीत आहे. समिधा म्हणाली, वाचून दाखवू का. मी म्हटलं, नको, त्यांच्या नावावर आहेत. (मी दोनदा इचारलं, बाई नाय बोलल्या. — समिधा)

मला तुला एकच विचारायचं आहे. कंदीलवालीचा शेवट काय आहे, खरा?

अगं, ह्यांनी मला सांगितलं रेन भेटला. पण रेन बोललाच नाही. तेवीस भाग मी त्या पोराचा आवाज ऐकला आहे. मियोला त्याची आठवण झाली की तो आवाज येतो, जरा घोगरा, सर्दी झाल्यासारखा. मी त्याला हजारात ओळखीन. शेवटच्या भागात ती मुलगी "नीसान, नीसान", म्हणजे दादा, दादा, करून ओरडली, मग रडायला लागली. ते रडणं भाऊ भेटल्याचं नव्हतं, गं. मग नुसता वारा. आणि त्या वाऱ्यावर आमचे हे सांगतायत, मी करवंदं खाल्ली. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, तिथं आवाजच नाही ते. पडद्यावर ओळ नाही एवढंच त्यांना दिसतं.

मला आधी हसू आलं. पदर तोंडाला लावून हसले, त्यांना वाटलं रडतेय. मग स्वैपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले तेव्हा दुसरी गोष्ट मनात आली. जो माणूस मला मियोचा शेवट बदलून सांगतो, त्यानं माझा रिपोर्ट कसा वाचला असेल?

दुसऱ्या दिवशी हे अंघोळीला गेल्यावर समिधानं फाईल काढली. तिला म्हटलं, शब्द येत नसले तर एकेक अक्षर सांग. एम, ई, टी, ए, एस म्हणाली आणि मी म्हटलं, पुरे, मेटास्टॅसिस, कर्करोग पसरलाय. माझी आईही त्यानंच गेली.

तर मला कळलं आहे. त्यांना हे कळू द्यायचं नाही. माझी शपथ आहे तुला. उत्तर समिधाच्या नावानं कडावला पाठव.

तुझी,
पद्माआजी


मोहोपाडा, रसायनी
१५ डिसेंबर २०२४

प्रिय आजी,

तू बरोबर ओळखलंस. रेन बोलत नाही. मियो हाका मारते, पडदा पांढरा होतो, वारा येतो आणि संपतं. तो सापडला की नाही कुणालाच ठाऊक नाही.

आजी, मी आजोबांना सांगते. शपथ मोडते, मला चालेल. उद्या तुझं दुसरं इंजेक्शन आहे. ते कशाचं आहे तुला माहीत आहे, तुला माहीत आहे हे मला माहीत आहे, फक्त त्यांना माहीत नाही. त्यांना वाटतंय तुला फसवून जगवतायत आणि तू त्यांना फसवून उलट्या काढतेयस. याला काही अर्थ आहे का? दोघं समोरासमोर बसा आणि एकदा बोला. तुमच्याकडे थोडेच दिवस आहेत, ते तरी खरे जाऊ देत.

हो म्हण. मी लगेच येते.

ईशानी


दहिवली, कर्जत
२८ डिसेंबर २०२४

चि. ईशानी,
आशीर्वाद.

रागावू नकोस. दुसऱ्या इंजेक्शननंतर आठ दिवस मान वर झाली नाही, म्हणून उत्तराला उशीर. हे आज केस कापायला गेलेत.

तू विचारलंस, याला अर्थ काय. सांगते. हे सकाळी पाचला उठतात. मला गरम पाणी, मग गोळी, मग कसलीशी पावडर, घड्याळ लावून. वहीत लिहितात. समिधा सांगते, सरांनी गोळ्यांच्या पाकिटांवर वार लिहिलेत, फळ्यावर लिहितात तशा अक्षरात. या माणसानं एकूणपन्नास वर्षांत कधी स्वतःच्या हातानं चहा केला नव्हता. आता मी म्हटलं की मला सगळं माहीत आहे, हे बंद करा, तर त्या दिवसापासून ते पाचला उठून काय करतील? माझ्याकडे बघत बसतील. बहिरा माणूस, मी रडले तरी ऐकू यायचं नाही, म्हणून डोळे फाडून बघत बसतील. ते मला नको.

शेवटाचं तू आणि हे भांडताय, ते त्यांनी मला हसत सांगितलं, म्हणजे आजारपण आणि कंदीलवाली गाळून, नुसतं गोष्टींबद्दल म्हणून. तुला अर्धवट आवडतो, त्यांना गोड. मला कुणी विचारलं नाही. मला पुरता हवा होता. रेन मेला असेल तर मेला म्हणा, मियोला घरी जाऊन बारावं-तेरावं करू दे, चार दिवस रडू दे आणि शाळेत जाऊ दे. ती दरीत उभी आहे, हे मला रोज रात्री आठवतं. त्या पोरीनं तिथं किती वेळ उभं राहायचं?

(बाई रडल्या म्हनून थांबले होते. — समिधा)

सहा जानेवारीला तिसरं आहे. तेवढं घेते. सोसवेनासं झालं तर तुला निरोप पाठवीन. मग तू त्यांना सांग. माझ्या तोंडून मला नाही सांगता येणार.

पद्माआजी


दहिवली, कर्जत
१६ जानेवारी २०२५

चि. ईशानी,

आता बास. सत्तावीस तारखेचं चौथं मला नको. पनवेलच्या वाटेवर चौक गाव ओलांडून गाडी वळते तिथपासूनच पोटात कळा येतात, सुई लांबच. तोंडाला फोड आलेत, पाण्याचा घोट जात नाही. तू ये आणि त्यांना सांग. रागावले तर रागावू देत. मी तुला शपथ घातली होती ती सोडवते.

पद्माआजी

(ताई, लवकर या. — समिधा)


कडाव
३० जानेवारी २०२५

ईशानीताई,

मी समिधा. हे बाईंनी सांगितलेलं नाय, माझं मी लिवते हाय.

तुमी रवारी आल्या. बाईंनी सकाळपास्नं तयारी केली, मला बोलल्या निळं लुगडं काढ, आज ईशानी सगळं सांगून टाकील, मग मी मोकळी. तुमी आल्या, सरांच्या खोलीत गेल्या, दार लावलं. आमी दोघी भायेर बसलो. बाईंनी माझा हात घट धरला होता. अर्ध्या तासानं तुमी भायेर आल्या, चा पिला, बाईंच्या पाया पडल्या आन गेल्या. काय बोलल्या नाय.

बाईंनी मला इचारलं, सरांचं तोंड कसं हाय गं? मी बोलले, हसतायत.

सोमवारी चौथं इंजेक्शन झालं. येताना गाडीत बाईंची शुद्ध गेली. आता डोळे उघडतात पन बोलत नाय. सर बोलतात, औषध लागू पडलंय, झोप लागतेय.

ताई, तुमी शिकलेल्या. आमच्यात असं नाय. आमच्या आज्याला झालं तवा माझ्या बापानं तोंडावर सांगितलं, बाबा, आता काय खायचं ते खाऊन घ्या. आज्यानं सुकट मागितली, खाल्ली, आन सात दिसांनी गेला. रडलो आमी. पन त्याला कोणी टोचत नव्हतं.

मला वाटलं तुमी सांगाल. मीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी नोकर म्हनून गप बसले.

समिधा


दहिवली, कर्जत
२४ फेब्रुवारी २०२५

चि. ईशानी,
अनेक आशीर्वाद.

तेरा दिवस घर भरलेलं होतं. काल सगळे गेले. तू दिवसांना होतीस, पण कुणी ना कुणी असायचं, बोलता आलं नाही. पद्मजा गेली त्या दिवसापासून समिधा येत नाही. पगार द्यायला कडावला गेलो तर आईनं घेतला, ती आतून बाहेर आली नाही. मुलीचा जीव लागला होता बहुतेक.

तू सव्वीस तारखेला आली होतीस, तेव्हा मी तुला आलेख दाखवला ना? आलेखाच्या कागदावर मी आजीचं वजन आणि हिमोग्लोबिन मांडत होतो. तिसऱ्या इंजेक्शननंतर हिमोग्लोबिन पॉइंट तीननं वाढलं होतं. मी त्या दोन ठिपक्यांवरून पट्टी ठेवून रेघ पुढे ओढली होती, गुढीपाडव्यापर्यंत. तू काहीतरी बोलायला आली होतीस. तोंड उघडलंस दोनदा, मी बघत होतो. मग तो कागद बघितलास आणि माझा हात धरलास. मला वाटलं, तुला पटलं. दोन ठिपक्यांतून वाटेल ती रेघ जाते हे मी आठवीच्या पोरांना शिकवायचो. तुला ते माहीत होतं, मलाही माहीत होतं. तू बोलली नाहीस हे तुझे उपकारच आहेत माझ्यावर.

आता झोप लागत नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरते. ती तुला लिहितो, कारण दुसरं कुणी नाही.

इंजेक्शनांचा तिला फार त्रास झाला. मी तिच्या तोंडातले फोड कापसानं पुसायचो तेव्हा ती माझ्या मनगटाला धरायची. ढकलायची नाही, नुसती धरायची. ती आता नाही, त्यामुळे कबूल करतो, ते सगळं पंधरा दिवसांपुरतंसुद्धा उपयोगी पडलं नाही. डॉक्टरांनी काही केलं नाही तर म्हणून जेवढे लिहिले होते, तेवढेच महिने मिळाले. मग ते कशासाठी केलं? तर मी स्वतःला असं सांगतो की तिला ते ताकदीचं औषध वाटत होतं. बरं होण्यासाठी सोसतोय असं समजून तिनं सोसलं. आशेनं सोसलेलं दुखणं निम्मं असतं.

पण तिला माहीत असेल तर? माहीत असून ती गप्प राहिली असेल, तर मग ते चारही वेळचं टोचणं तिनं माझ्यासाठी घेतलं असं होतं. मी माझ्या बायकोला माझ्या समाधानासाठी चार वेळा टोचायला नेलं असं होतं. ईशानी, हे असेल तर मला पुढे जगता यायचं नाही. रागानं किंवा नाटकीपणानं लिहीत नाही. शहात्तर वर्षांचा आहे, मला माझी कुवत माहीत आहे.

म्हणून मी ते कागदावर मांडलं. तिला माहीत आहे असं धरू. माहीत असतं तर तिनं औषध नको म्हटलं असतं, कारण पद्मजा मनात ठेवणारी बाई नव्हती, भाजीत मीठ कमी पडलं तर पाहुण्यांसमोर सांगायची. तिनं एकदाही नको म्हटलं नाही. म्हणून आपण धरलं ते चूक. म्हणून तिला माहीत नव्हतं. सिद्ध झालं.

मला यात चूक सापडत नाही. पण आता माझा माझ्यावर भरवसा नाही. तू शिकलेली आहेस, लॅबमध्ये रोज दुसऱ्यांच्या चुका काढतेस. आणि तुझ्याशी ती फोनवर बोलायची, तुला काही जाणवलं असेल तर तूच सांगू शकशील. तपासून दे. मला गोड नको, खरं लिही.

तुझा,
दत्तूआजोबा


मोहोपाडा, रसायनी
३ मार्च २०२५

ती. दत्तूआजोबांस,
सा. न.

तुमचं पत्र पोचलं. मांडणी मी तीनदा तपासली, प्रत्येक पायरी वेगळी धरून बघितली. कुठेही चूक नाही. आजी माझ्याशी फोनवर बोलायची ते बरं झाल्यावर काय काय करायचं त्याबद्दल. उन्हाळ्यात कळंबला माझ्या मैत्रिणीच्या शेतावर जाऊ म्हणत होती. तिला काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर ती मला नक्की बोलली असती.

रात्री झोपायचा प्रयत्न करा. गोळ्यांची पाकिटं उरली असतील तर टाकून द्या, घरात ठेवू नका. रविवारी सकाळच्या बसनं येते, जेवायला थांबेन.

तुमची,
ईशानी